उतरायचं कुठं?

ओतूरच्या माणसानं शहरात घर घेतलं की किंमत आणि खोल्या लोक नंतर विचारतात. आधी विचारतात, "उतरायचं कुठं?" एस्टीतून कुठल्या थांब्यावर उतरायचं, आणि काम आटोपलं नाही तर रात्री कुणाकडं उतरायचं, असं दोन्ही त्यात येतं.

माझ्या वडिलांकडं, म्हणजे आबांकडं, याची एक डायरी आहे. खताच्या दुकानानं दिवाळीला दिलेली, १९८१ सालची. कव्हर सुटलं तेव्हा गोणी शिवायच्या दाभणानं त्यांनी ते सुतळीनं शिवून घेतलं. तिच्यात पत्ते नाहीत, उतरायच्या खुणा आहेत. 'कल्याण. स्टँडवरून रेल्वेचा पूल चढून पूर्वेला. कोळसेवाडी. गिरणीवाल्याला विचारणे.' 'भोसरी. कंडक्टरला आधी सांगून ठेवणे, नाहीतर नाशिक फाट्याला नेतो.' भोसरीला उड्डाणपूल झाल्यावर शेजारी वेगळ्या शाईनं भर पडली: 'पुलाखालून जाते का, विचारणे.' आबा कांदा घेऊन मुंबईला जायचे, आधी मशीद बंदरला आणि बाजार हलल्यावर वाशीला. त्यामुळं त्यांचा सगळा भूगोल असा थांब्याथांब्यानं आहे.

गेल्या वर्षी श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी भाचीचा फोन आला, तेव्हा घर भरलेलं होतं. श्रावणी सोमवारी ओतूरला कपर्दिकेश्वराची यात्रा असते. मांडवीच्या काठावर देऊळ, शेजारी तुकोबांच्या गुरूंची, बाबाजी चैतन्यांची समाधी. गाभाऱ्यात कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात. सुटे तांदूळ, ना चिकट ना ओले, आणि तरी त्या उभ्या राहतात. त्या बघायला बाहेरगावी गेलेले सगळे येतात. तर पडवीत कल्याणवाले, भोसरीवाले, मोशीवाले बसलेले, ताटल्यांत भगर आणि दाण्याची आमटी, आणि फोनवर भाची म्हणत होती, "आत्या, ह्यांचं ऑफिस ओतेमाचीला आहे. महिनाभर कंपनी हॉटेलात ठेवणार. तेवढ्यात घर शोधायचंय. तीन-चार उपनगरं बघितली, काही ठरत नाहीये."

ओतेमाची टोकियोत. पडवीत क्षणभर शांतता झाली आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. टोकियो कुणी पाहिलेलं नव्हतं, पण उपनगर निवडण्यात आमचं घर तीन पिढ्या मुरलेलं आहे. मी एकटी लग्नानंतरही ओतुरातच राहिले. माझ्यावर तो प्रसंग कधी आला नाही, त्यामुळं सल्ला द्यायला मी सगळ्यांत मोकळी.

ओतूरहून बाहेर पडायचे रस्ते दोन. पश्चिमेला माळशेज घाट उतरला की टोकावडे, मुरबाड आणि कल्याण. दुसरीकडं आळेफाट्याला किंवा नारायणगावला पुणे-नाशिक रस्त्याला लागायचं, मग मंचर, राजगुरुनगर, चाकण, मोशी, भोसरी. या दोन रस्त्यांवर शहर जिथं पहिल्यांदा लागतं, तिथं आमची माणसं उतरली आणि तिथंच राहिली. कल्याण किंवा भोसरी कुणी नकाशा पुढ्यात घेऊन निवडली नाही. एस्टी थांबली, पिशवी खाली आली, ओळखीचा माणूस समोर उभा होता. मुंबईचे डबेवाले बहुतेक मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या आमच्याच बाजूचे. डब्याच्या झाकणावर रंगानं ते ज्या खुणा करतात, त्यात तरी दुसरं काय असतं? कुठं चढवायचा, कुठं उतरवायचा आणि कुठल्या दारात ठेवायचा.

आबांचे चुलते मुंबईला गेले तेव्हा तेवढीही निवड नव्हती. तेव्हा गावाची खोली असायची. एका गावच्या लोकांनी चाळीत एक खोली मिळून भाड्यानं घ्यायची. भिंतीला लागून प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक, खुंटीला प्रत्येकाचा सदरा, आणि झोपायला पाळ्या. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच वळकटीवर आडवा. जेवण खाणावळीत. गावाहून नवा पोरगा आला की त्याला कुठं राहायचं हा प्रश्न पडायचाच नाही, कारण तो येण्याआधी पंधरा-वीस वर्षं त्याचं उत्तर गावानं देऊन ठेवलेलं असायचं. खोलीत बायकांना जागा नव्हती. हे मुद्दाम सांगते, कारण उपनगर ही गोष्ट आमच्या घरात बायका शहरात आल्या तेव्हा सुरू झाली.

काकू आली आणि काकांनी, म्हणजे आबांच्या भावानं, कल्याण पूर्वेला दोन खोल्या घेतल्या. काका गोदीत कामाला. कल्याण ते व्हीटी चोपन्न किलोमीटर, रोज जायचे आणि रोज यायचे. एवढं लांब का, म्हणून विचारलं की काका तीन कारणं सांगायचे: सगळ्या फास्ट गाड्या थांबतात, पाणी भरपूर आहे, आणि ओतूरची एस्टी इथंच येते. पाणी भरपूर नव्हतं. पहाटे पाचला नळाला हंडे लागायचे, आणि डीएड करताना दोन वर्षं त्यातला एक हंडा माझा होता.

तिसरं कारण मात्र शंभर टक्के खरं होतं. ओतूरची एस्टी कल्याणला यायची आणि तिच्यातून उतरलेलं प्रत्येक माणूस पूल चढून कोळसेवाडीला यायचं. केईएमला दाखवायला आलेले, टाटा हॉस्पिटलात पेशंट ठेवलेले, नोकरीच्या मुलाखतीला आलेले, उल्हासनगरला लग्नाचा बस्ता बांधायला आलेले. कुणी रिकाम्या हातानं येत नसे. बाजरी, कांदे, शेंगा, पावसाळ्यानंतर नवे तांदूळ. काकू गिरणीतून किंवा नळावरून परत येताना गल्लीच्या तोंडाशी थांबायची आणि लांबूनच आमच्या दाराबाहेरच्या चपला मोजायची. घरात आली की पाहुण्यांकडं न बघता परातीत पीठ घ्यायची, आणि भाकरी कधी कमी पडली नाही. एकदा मला म्हणाली, "बाजरी आणत्यात ते चांगलंच हाय गं. पण थापायला हात कुणी बरोबर आणत नाय."

गावच्या लोकांत काकांचं नाव फार मोठं होतं. 'कल्याणला गेलं की मपलं घर हाय,' असं ओतुरात कुणीही म्हणायचं. त्या घरातली भाकरी नेमकी कोण थापतं, हे त्या वाक्यात कधी आलं नाही. काका निवृत्त झाले, पैसे हातात आले, तेव्हा काकूनं आयुष्यात पहिल्यांदा आपलं म्हणणं लावून धरलं: बदलापूरला घ्यायचं. स्टँडपासून लांब. घेतलं. पहिल्या उन्हाळ्यात तिचं मला पत्र आलं. इथं कुणी येत नाही, अशी पहिली ओळ. फार बरं वाटतं, अशी दुसरी. तिसऱ्या ओळीत, तू कधी येणार?

आबांच्या डायरीत 'बदलापूर' असं लिहून पुढं नुसती रेघ आहे. काकूनं खूण सांगितलीच नाही.

माझ्या भावाची गोष्ट पुण्याच्या रस्त्यावरची, आणि ती लवकर सांगून होण्यासारखी आहे. त्यानं आधी पुण्यात पेठेत खोली बघितली. मालकीणबाईंनी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग घरात सुकट-बोंबील करता का, असं विचारलं. तो खरं बोलला. मग भोसरीला आळंदी रस्त्यावर खोली मिळाली. एमआयडीसीत लेथवर काम, शेजारी एक बिऱ्हाड घोडेगावचं, एक राजगुरुनगरचं. तिथं कुणी काही विचारलं नाही, कारण सगळ्यांच्याच घरात सुकट होती. पुढं पोरीच्या शाळेसाठी मोशीला फ्लॅट घेतला. आता तो चाकणच्या ट्रॅफिकला शिव्या देतो आणि दर पंधरा दिवसांनी त्याच ट्रॅफिकमधून ओतूरला येतो. आपल्या लोकांना आपल्या लोकांत राहायला आवडतं, असं आपण सहज म्हणून जातो. आवडत असेलही. पण भोसरीला तो आवडीनं गेला नव्हता. पेठेतलं दार बंद झालं म्हणून गेला होता.

हे सगळं मला आठवलं, कारण फोनवर भाची नेमकं तेच सांगत होती. "आत्या, ऑफिसपासून वीस मिनिटांवर एक घर फार आवडलं होतं. एजंटानं मालकाला फोन लावला, आमच्यासमोरच. दोन मिनिटं बोलला, मग मान लववून म्हणाला, माफ करा, मालकांना परदेशी भाडेकरू नको आहेत. पुढच्या ठिकाणी मसाल्याच्या वासाचं निघालं." सुकटच ती, फक्त तिकडची.

टोकियोत घर भाड्यानं घ्यायचं तर बहुधा जामीन लागतो, आणि पुष्कळ ठिकाणी मालकाला एक रक्कम नुसती भेट म्हणून द्यावी लागते, ती परत मिळत नाही. म्हणून भारतीय लोक यूआरच्या, म्हणजे सरकारी गृहसंस्थेच्या उंच इमारतींकडं वळले. तिथं जामीन लागत नाही, भेट द्यावी लागत नाही, आणि कागदपत्रं नीट असतील तर कुठल्या देशाचे हे आड येत नाही. अशा इमारती निशी-कासाईला पुष्कळ आहेत. पूर्व टोकियोतल्या एदोगावा वॉर्डात, तोझाई नावाच्या मेट्रोवर, समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीच्या बाजूला. स्टेशन १९७९ मध्ये झालं. साधारण त्याच सुमारास जगमोहन चंद्राणी नावाचे चहाचे व्यापारी तिथं राहायला आले. २००० च्या आसपास संगणकाची कामं घेऊन भारतातून एकटे तरुण यायला लागले, त्यांना ना घर मिळे ना शाकाहारी जेवण. चंद्राणींनी घरं मिळवून द्यायला मदत केली आणि जेवणाची सोय उभी केली. हे भाचीनं सांगितलं तेव्हा आबांनी मान हलवली. "म्हंजे खाणावळ," ते म्हणाले.

मग गाडी रुळावर आल्यासारखी पडवीतल्या सगळ्यांना निशी-कासाई कळायला लागली. ओतेमाचीला थेट गाडी. भारतीय किराणा. तूरडाळ मिळते. भारतीय शाळा आहेत, त्यातली एक २००६ पासूनची. गणपती बसवणारं मराठी मंडळ टोकियोत आहे. आणि त्याच वॉर्डातून २०१९ साली योगेंद्र पुराणिक नगरसभेवर निवडून आले, अंबरनाथला जन्मलेले. अंबरनाथ म्हटल्यावर कल्याणवाले ताठ बसले. कल्याणपासून तिसरं स्टेशन! तोझाई लाइनला २०१९ पर्यंत सकाळी इतकी गर्दी असायची की डबा त्याच्या मापाच्या जवळजवळ दुप्पट भरायचा, असं भाची म्हणाली, तेव्हा काकांच्या थोरल्या मुलानं हात झटकला. "दुप्पटच ना? मग रिकामीच म्हणायची."

आबा गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "नदी किती लांब हाय?"

हा प्रश्न आम्हां कुणाला सुचला नव्हता. पण ओतूरचा माणूस तो विचारणारच. मांडवी आमच्या देवळाच्या पायरीला लागून वाहते, वरच्या अंगाला धरण आहे, आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ ला सकाळी माळीण गाव डोंगराखाली गेलं. त्या गावाचं पुनर्वसन झालं तेव्हा नवी जागा पाहायला लोक गेले, ते आधी डोंगराचा उतार पाहायचे आणि घर नंतर.

भाची जरा थांबली. मग तिनं खरं सांगितलं. वॉर्डाच्या एका बाजूला आराकावा, दुसऱ्या बाजूला एदोगावा, आणि दक्षिणेला टोकियोचा उपसागर. वॉर्डातली सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीहून खाली आहे. २०१९ मध्ये तिथल्या पालिकेनं पुराचा नकाशा छापून घरोघर वाटला, आणि त्याच्या मुखपृष्ठावर वॉर्डाच्याच चित्रावर लिहिलं होतं की इथं थांबू नका. म्हणजे मोठा पूर येण्याची चिन्हं दिसली तर वॉर्ड सोडून बाहेर जा. त्याच वर्षी ऑक्टोबरात मोठं वादळ आलं आणि लोकांना खरोखरच घरं सोडायला सांगितलं गेलं.

मला नकाशावरचं ते वाक्य फार आवडलं, हे कबूल करते. आपल्याकडं नदीच्या पूररेषेत इमारत उभी राहते आणि तिच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं 'नदीकिनारी निसर्गरम्य'. स्वतःच्याच गावाच्या नकाशावर 'इथं थांबू नका' छापायला छाती लागते.

"घर कितव्या मजल्यावर?" आबांनी विचारलं.

"बघतोय ते अकराव्या."

"मग घे. पण दाणापाणी आठवड्याचं घरात असू दे."

पडवीचा निकाल झाला. सगळ्यांनी एकमुखानं निशी-कासाई ठरवलं आणि देवळाकडं निघायची तयारी सुरू केली. फोन माझ्या हातात राहिला. भाची हळूच म्हणाली, "आत्या, तुझं काय?"

मी ओसरीवरून आत आले. दाराबाहेर चपलांचा ढीग पडलेला होता, आणि मी नकळत तो मोजायला लागले होते. सव्वीस जोड. आत माझी सून उपासाचं आणि बिनउपासाचं अशा दोन्ही पंक्तींचं बघत होती. मग मी भाचीला काकूची सगळी गोष्ट सांगितली. गल्लीच्या तोंडाशी थांबणं, परात, बदलापूर, तीन ओळींचं पत्र. तिला अर्धीच माहीत होती, पुरुषांनी सांगितलेली. मी म्हटलं, "तू नोकरी सोडून गेली आहेस. नवरा सकाळी जाईल तो रात्री येईल. पोरगा सहा वर्षांचा. भाषा येत नाही. अशा वेळी आपली माणसं खाली अंगणात भेटली तर पहिलं वर्ष निभावतं, हे मी नाकारत नाही. पण स्टँडला लागून घर घेतलं की ते तुझं राहत नाही. कोण आलंय, कुणाचा मुक्काम, कुणाला एअरपोर्टवरून आणायचं, आणि दर शनिवारी वीस जणांचा स्वयंपाक. तुझ्या नवऱ्याचं नाव होईल."

ती हसली. "आत्या, इथं चपला दाराच्या आत काढतात. बाहेरून मोजता येत नाहीत."

"मग तर आणखीच अवघड."

मला वाटलं होतं ती एकदम दूर कुठंतरी घेईल, जिथं एकही भारतीय नाही. तरुण माणसं तसं करतात आणि वर्षभरात थकतात. तिला तसं सांगावं की नाही, याचा विचार करत मी आठ दिवस घालवले. दारं बंद होतात म्हणून लोक एकत्र राहतात हे जितकं खरं, तितकंच एकत्र राहिल्यामुळं दुसरी दारं ठोठावायची सवय जाते हेही खरं. भोसरीत तीस वर्षं राहून माझ्या वहिनीनं लक्ष्मी रस्ता मोजून चार वेळा पाहिला. पण तिची मंगळागौर कधी एकटीनं जागवावी लागली नाही. याचं गणित मला घालता येत नाही, आणि घर शोधणाऱ्या पोरीला गणित न सुटलेलं सांगण्यात अर्थ नव्हता. मी फोन केला नाही.

चौथ्या सोमवारी तिनंच केला. घर घेतलं होतं. निशी-कासाई नाही, त्याच्या पुढचं स्टेशन, नुसतं कासाई. "चालत वीस मिनिटं. डाळ-तांदूळ, शाळा, माणसं सगळं हाताशी. पण कुणी जाता जाता सहज दारात येणार नाही, एवढं लांब. खाली जपानी आजीबाईंचं फुलांचं दुकान आहे. स्टेशनाच्या पुलाखाली मेट्रोचं संग्रहालय आहे, पोरगा तिथून हलत नाही. आणि आठवा मजला."

काकूला कल्याण आणि बदलापूर यांच्यामध्ये असं स्टेशन निवडायला कुणी सांगितलं असतं तर तिनं कुठलं घेतलं असतं, असं माझ्या मनात आलं. विठ्ठलवाडी, बहुतेक.

आबांनी डायरी मागवली. चष्मा पुसला. "उतरायचं कुठं?"

भाचीनं सावकाश सांगितलं. नारिता विमानतळावरून थेट निहोम्बाशीपर्यंत येणारी गाडी असते. तिथं उतरून तोझाई लाइन पकडायची. "पण आबा, फास्ट गाडीत बसू नका. ती निशी-कासाईलाही थांबत नाही आणि कासाईलाही नाही."

"फास्ट थांबत नाय?" आबांनी माझ्याकडं बघितलं. काकांचं कल्याणचं पहिलं कारण त्यांना आठवलं असणार. "कसलं स्टेशन घेतलं हिनं!"

आबा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत, त्यांच्याकडं पासपोर्ट नाही, आणि माळशेज उतरून त्यांना सहा वर्षं झाली. तरी त्यांनी बदलापूरच्या रेघेखालची मोकळी जागा शोधली आणि लिहिलं: 'कासाई. निहोम्बाशीला बदलणे. फास्टला बसू नये.'